‘ॲड.’ लिहायला अजून वेळ होता

निकाल लागला त्याच संध्याकाळी धाकट्या भावजींनी फ्लेक्सचं डिझाइन करून आणलं. वर अंबाबाई, एका बाजूला शाहू महाराज, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब, मधे माझा डोक्यावर पदर घेतलेला फोटो आणि नावाआधी ठळक लाल अक्षरांत ‘ॲड.’. मी म्हटलं, “भावजी, तेवढं ‘ॲड.’ काढायला सांगा.” त्यांचा चेहरा पडला. “पास झालायसा न्हवं वैनी?”

पास झाले होते. तीन वर्षं, सहा सत्रं, सगळे पेपर सुटले होते. पण एलएल.बी. झालं म्हणजे माणूस वकील होत नाही. बार कौन्सिलकडं नाव नोंदवायचं, सनद हातात पडायची, तेव्हा कुठं नावाआधी ॲडव्होकेट लागतं. आणि एकदा सनद आली की वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, त्यामुळं तेव्हा असला फ्लेक्स लावायचा प्रश्नच नाही. हे समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, “मग आत्ताच लावूया की.” एस.टी.च्या थांब्यावर फ्लेक्स लागला. ‘एलएल.बी. परीक्षेत उत्तीर्ण’, एवढंच. पावसानं तो खाली येईपर्यंत मी बसला उभी राहताना दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी राहायचे. आनंद इतका होता की तो अंगावर घ्यायची सवय नव्हती.

आमच्याकडं मिरचीकांडपाचा डंक आहे. गाव करवीर तालुक्यात. फेब्रुवारीच्या शेवटापासून पाऊस येईपर्यंत चटणीचा हंगाम. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी आपापल्या हिशेबानं मिसळून, उन्हात कडक वाळवून, खोबरं-तीळ-धने भाजून बायका आणतात आणि नंबर लावून बसतात. मी बी.ए. झालेली सून, म्हणून तिथं बसल्या जागी माझ्याकडं कागद यायचे. बँकेची नोटीस, फेरफाराचा उतारा, कधी कोर्टाचा लखोटा.

२०१९ च्या हंगामात एक काकू समन्स घेऊन आल्या. पुतण्यांनी वाटपाचा दावा घातला होता. मी कागद वाचला, तारीख सांगितली, “कुणातरी वकिलाला दाखवा” म्हटलं आणि पुढच्या डब्याकडं वळले. काकूंनी तो कागद देवघरातल्या फळीवर ठेवला. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत आपली कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते, फार तर नव्वद दिवसांपर्यंत मुदत वाढवून मिळते, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. दावा त्यांच्याविरुद्ध एकतर्फी चालला. पुढच्या वर्षी चटणी कुटायला आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं, अगदी साध्या आवाजात, पाऊस कमी झाला म्हणून सांगावं तसं. मला दोष द्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मी कायद्याकडं वळले ते त्या आवाजामुळं.

२०२२ ला सीईटी दिली, प्रवेश मिळाला. त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगण्यासारखं आहे ते वर्गातलं.

मी ३६ वर्षांची, बाकावर शेजारी २२ वर्षांची पोरगी. तिच्यापलीकडं सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे ‘साहेब’ म्हणायचो आणि जे उशिरा येणाऱ्या पोरांकडं नुसतं बघायचे. इचलकरंजीची एक मुलगी पहाटेच्या बसनं यायची, तिचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करून घरी पोचायच्या आत ती घर सोडायची. परीक्षेला बसायला ७० टक्के हजेरी लागते. आमच्यातल्या प्रत्येकानं ती कशी भरली, याची वेगळी गोष्ट आहे. माझी अशी की सकाळचा डंक आमच्या ह्यांनी सांभाळला आणि दुपारी मी यायचे. चौथ्या सत्राच्या परीक्षेत माझ्या बेअर ॲक्टची, म्हणजे नुसती कायद्याची कलमं छापलेल्या पुस्तकाची, पानं लाल होती. मिरचीची धूळ पुसून जात नाही, ती कागदात मुरते.

आमची तुकडी एका विचित्र सांध्यावर शिकली. पहिल्या वर्षी आम्ही भारतीय दंड संहिता पाठ केली, ५११ कलमं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ३५८ कलमं. खून ३०२ चा १०३ झाला. चारशेवीस म्हणजे फसवणूक हे लहान पोरालाही कळतं, ते ३१८ च्या चौथ्या पोटकलमात गेलं. फौजदारी प्रक्रियेचा कायदाही तसाच बदलला: अटकपूर्व जामीन ४३८ वरून ४८२ वर. बायकोच्या पोटगीचं १२५ आता १४४. आमचे सर सांगायचे, जुनं विसरू नका, कारण १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागणार आणि ते खटले अजून कित्येक वर्षं चालणार. म्हणजे आम्ही दोन्ही शिकलो. साहेबांनी एका दोनशेपानी वहीत डावीकडं जुनं कलम आणि उजवीकडं नवं, असं सगळं हातानं लिहून काढलं होतं. ती वही परीक्षेच्या आधी झेरॉक्स होऊन अख्ख्या वर्गात फिरली.

एक तास मी कधी विसरणार नाही. हिंदू वारसा कायद्याचा. २००५ ची दुरुस्ती ९ सप्टेंबरला लागू झाली आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मानं हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत, यावर कोर्टाकोर्टात मतभेद होते, ते सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात मिटवले: हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याची अट नाही. मॅडमनी हे सांगून झाल्यावर विचारलं, “तुमच्यापैकी किती जणींच्या आईनं हक्कसोडपत्रावर सही केलीय?” आधी कुणी हात वर केला नाही. मग एकीनं केला. मग जवळजवळ सगळ्यांनी. त्यात पोरंही होती. माझ्या आईनं २००९ ला सही केली होती, मामांनी साडी नेसवली होती, आणि ती साडी आई अजून लग्नकार्याला नेसते. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला काही बोलले नाही. बोलायचं काय? पण यापुढं माझ्यासमोर कुणी बाई सही करणार असेल, तर आपण कशावर सही करतोय हे तिला ठाऊक असलं पाहिजे, एवढं मी ठरवलं. सोडायचं असेल तर सोडू दे, पण कळून.

शेवटचं सत्र सुरू असताना, २० मे २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आता तीन वर्षं वकिली केलेली हवी. आमच्यातली गडहिंग्लजची पोरगी कॉलेजात पाऊल टाकल्यापासून न्यायाधीश व्हायची तयारी करत होती. एम.पी.एस.सी.चे जुने पेपर तिला तोंडपाठ होते. त्या दिवशी ती ग्रंथालयात नुसती बसून राहिली. आम्ही दोघी-तिघी शेजारी बसलो. तीन वर्षं म्हणजे घरच्यांच्या हिशेबात किती असतात, हे मुलीच्या जातीला सांगायला लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पुस्तक उघडून बसली. म्हणाली, “सनद मिळाल्या दिवसापासून तीन वर्षं धरतात. सनदेनंतर द्यायची बार परीक्षा पास व्हायची वाट बघत नाहीत. मी निकालपत्र नीट वाचलंय.” मला वाटतं, न्यायाधीश व्हायला ती त्या दिवशीच लायक झाली.

जुलैअखेर निकाल लागला आणि १ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची अधिसूचना निघाली, कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती इथं येऊन बसणार. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. या भागातल्या वकिलांनी त्यासाठी चाळीस वर्षांहून जास्त काळ आंदोलन केलं होतं. त्यातले कितीतरी जण तो दिवस बघायला राहिले नाहीत. अधिसूचना राज्य पुनर्रचना कायदा १९५६ च्या कलम ५१ खाली होती. याच कलमाखाली १९८१ ला औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले होते आणि १९८२ ला सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं होतं, हे आम्ही परीक्षेला वाचलं होतं. पुस्तकातलं कलम आपल्याच गावात उतरताना बघायला फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळत असेल. १७ ऑगस्टला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि १८ तारखेपासून सी.पी.आर. हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं.

त्या आठवड्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, माहेराहून मुद्दाम आले. “मला ती इमारत दाव,” म्हणाले. त्यांच्या जमिनीचं दुसरं अपील मुंबईत होतं. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघायचं, जनरलच्या डब्यात दाराशी बसायचं, सकाळी उतरून कोर्टात जायचं, प्रकरण बोर्डावर आलं नाही की संध्याकाळच्या गाडीनं परत. एका तारखेला दोन रात्री आणि दोन दिवसांची मजुरी. माझ्या लहानपणी अण्णा मुंबईहून आले की आम्ही खाऊ काय आणला म्हणून पिशवी उघडायचो आणि आत कागद निघायचे. आम्ही टाऊन हॉलच्या बाजूला उभं राहून इमारत बघितली. पोलिसांची गर्दी होती. अण्णांनी खिशातून गाडीचं एक जुनं तिकीट काढलं, ते त्यांनी का जपून ठेवलं होतं कुणास ठाऊक, आणि परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, “चहा घिऊया.”

कॉलेजात सत्कार समारंभ सप्टेंबरात झाला. मला वाटलं होतं, पाहुणे येतील, भाषणं होतील, गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र. तसं होतंच. पण आमच्या प्राचार्यांनी एक गोष्ट केली. प्रत्येकानं घरातलं एक माणूस सोबत व्यासपीठावर आणायचं आणि प्रमाणपत्र त्या माणसाच्या हातात द्यायचं. आणि पुढं काय करणार, ते दोन वाक्यांत सांगायचं. कार्यक्रम चार तास चालला. एकही माणूस उठून गेला नाही.

इचलकरंजीच्या मुलीचे वडील रात्रपाळी करून थेट आले होते, शर्टाला सुताचे तंतू चिकटलेले. ती म्हणाली, मी कामगारांची कामं करणार. त्यानंतर दोनच महिन्यांत, २१ नोव्हेंबरला, २९ जुने कायदे मोडीत काढणाऱ्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. म्हणजे तिलाही दंड संहितेसारखी दुसरी वही करावी लागली. शिरोळचा एक मुलगा होता. २०१९ च्या महापुरात त्याचं घर आठवडाभर पाण्यात होतं आणि नंतर भरपाईचे अर्ज भरता भरता तो कायदा शिकायला आला होता. त्याला ग्राहक आयोगापुढं विम्याची प्रकरणं चालवायची आहेत. साहेब बायकोला घेऊन आले, खाडकन सलाम ठोकून म्हणाले, “जवान सीमेवर असतो तेव्हा त्याच्या जमिनीत कोण घुसतं, ते मी बघणार.”

राधानगरीकडचा एक मुलगा आजीला हाताला धरून वर घेऊन आला. त्यांच्या वस्तीतला पहिला पदवीधर. तो म्हणाला, शाहू महाराजांनी आमच्या समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या, तेव्हा आमच्या घरात कुणाला अक्षर येत नव्हतं, म्हणून आमची सनद तेवढी राहून गेली. ती मी आता घेतोय. सभागृह काही क्षण गप्प झालं आणि मग टाळ्या थांबेनात. आजीला टाळ्या कशासाठी ते कळलं नाही. तिनं समोरच्या सगळ्यांना हात जोडले.

एक जण पुण्यात कंपनीत करारनामे तपासायच्या नोकरीला लागला. ते सांगताना तो जरा ओशाळल्यासारखा झाला. त्यानं तसं वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं. त्याच्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, आणि आपल्याकडं नव्या वकिलाची पहिली वर्षं कशी जातात हे सगळ्यांना माहीत आहे. ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ ला केली. शिफारसच ती. आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. कोर्टात राहायचं की नाही हे जिद्दीवर थोडं आणि घरच्या भाकरीवर जास्त ठरतं, हे मी मोकळेपणानं मांडते, कारण सत्काराच्या दिवशी हे कुणी बोललं नाही.

माझी पाळी आली. मी सासूबाईंना घेऊन गेले. प्रमाणपत्र हातात दिलं तर त्यांनी आधी पदराला हात पुसले. माझी दोन वाक्यं मी घोकून ठेवली होती, ती आठवली नाहीत. मी म्हटलं, “कोर्टाचा कागद आला तर बायकांनी तो फळीवर ठेवू नये, एवढंच मला करायचंय.” खाली उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, “ते त्या काकूंचं म्हणत हुतीस न्हवं?” त्यांना सगळं आठवत होतं. सहा वर्षं आम्ही त्यावर एकदाही बोललो नव्हतो.

मग सनदेचा अर्ज. ॲडव्होकेट्स कायद्याच्या कलम २४ प्रमाणं नोंदणीची फी साडेसातशे रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे, वर मुद्रांक शुल्क. याहून जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ ला सांगितलं. राधानगरीच्या मुलाला हे आम्ही निकालाच्या तारखेसकट सांगितलं, कारण त्यानं उसने पैसे बघायला सुरुवात केली होती.

माझी अडचण फीची नव्हती. वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ४७ वा नियम आहे. आणि डंकाचं वीजजोड, परवाना, बचत गटाचं कर्ज, सगळं माझ्या नावावर होतं. मीच उभा केलेला डंक. मी कुठल्या नोकरीत वा धंद्यात नाही, असं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं, ते खोटं लिहून सनद घेणं मला जमणारं नव्हतं. सगळं ह्यांच्या नावावर करायला ऑक्टोबर गेला. बचत गटाच्या बैठकीत मी कर्जाची बाकी भरून राजीनामा दिला तेव्हा बायकांनी विचारलं, “आता तू चटणीला बी न्हाईस का?” घरातली सून म्हणून मी असेनच, पण गल्ल्यावर नसेन, असं सांगितलं. माझ्या स्टुलावर दुसऱ्या दिवसापासून सासूबाई बसायला लागल्या. पहिले काही दिवस सकाळी डंकाचा आवाज सुरू झाला की माझे पाय आपोआप तिकडं वळायचे.

सनद आली. काळा कोट राजारामपुरीत शिवून घेतला, बँड सासूबाईंनी खळ घालून इस्त्री केले. अखिल भारतीय बार परीक्षा अजून द्यायची आहे. शंभर प्रश्न, चूक उत्तराला गुण कापत नाहीत, उत्तीर्ण व्हायला ४५ टक्के, आणि साधी बेअर ॲक्ट सोबत नेता येतात. माझी लाल पानांची घेऊन जाणार. तोवर दोन वर्षांच्या तात्पुरत्या नोंदणीवर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली जाते. पहिले दोन महिने मी फक्त तारखा घेतल्या, रोजनामे उतरवले आणि पुकारा झाला की धावत जाऊन “वरिष्ठ दुसऱ्या कोर्टात आहेत” म्हणून सांगितलं. गडहिंग्लजची पोरगी तिकडच्या कोर्टात उभी राहते, रोज रात्री फोन करते आणि आज काय शिकलो ते दोघी एकमेकींना सांगतो. तिच्या तीन वर्षांतले काही महिने गेलेत.

गेल्या रविवारी चटणीचा पहिला घाणा लागला. मी आत स्वयंपाकघरात होते. सासूबाईंनी स्टुलावरून हाक मारली. बाहेर एक अनोळखी बाई उभी होती, डोक्यावर मिरच्यांचा डबा, हातात खाकी लखोटा. गल्ल्याजवळ उभं राहून कागद बघायचा नाही, म्हणून मी त्यांना सोप्यात आणून बसवलं, पाणी दिलं. त्यांच्या घरात उत्पन्नाचं कुणी नव्हतं. बाईला कोर्टात मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मधे तसं लिहिलंय, हे त्यांना पुढं सांगायचंच होतं. पण आधी मी लखोटा उलटा करून पोस्टाचा शिक्का बघितला आणि विचारलं, “काकू, हे तुमच्या हातात कधी पडलं? नेमका वार सांगा.”

“मंगळवारी,” त्या म्हणाल्या. मी वही ओढली आणि त्या मंगळवारपासून तीस दिवस मोजायला घेतले.